बोडक्या डोक्याची राणी

लहानपणीचं जावळ सोडलं तर माझं डोकं जन्मात दोनदा भादरलं गेलं. पहिल्यांदा मोठेबाबा मेले म्हणून. मोठेबाबा म्हणजे माझ्या बापाचे थोरले भाऊ. दुसऱ्यांदा माझी बायको सगुना मेली म्हणून, मागच्या उन्हाळ्यात. मोठेबाबा मेले नव्हते. सगुना मेली. दुसऱ्या वेळचं सांगायला घेतलं की समोरचा माणूस लगेच तोंड पाडून बसतो आणि मला ते तोंड पाहवत नाही, म्हणून पहिल्या वेळचं सांगतो. सगुना त्यातही आहे. तिला मी कुठून काढू म्हटलं तरी निघत नाही.

आमचं घर गावाच्या शेवटाला, बोडीच्या पाळीला लागून होतं. बोडी म्हणजे धानाला पाणी द्यायचा लहान तलाव, आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. घरात माणसं तीन, बा, माय आणि मी, आणि एक म्हातारी गाय, जिला माय माणसातच धरायची. दिवाळीच्या सुमाराला हलका धान कापून खळ्यावर यायचा आणि सगळं घर ओल्या तणसाच्या वासानं भरून जायचं. सकाळी मायच्या मुसळाचा आवाज, बोडीतल्या बदकांचा आवाज, आणि बाचा बैलांशी चाललेला संवाद. बा बैलांशी पुष्कळ बोलायचा. माणसांशी त्याचं बोलणं म्हणजे हो, नाही आणि चाल. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोळीची डाळ, आणि बोडीत झिंगे सापडले तर माय ते तव्यावर भाजून मिरची-मिठात वाटायची. त्या चटणीसोबत मी किती भात खायचो त्याचा अंदाज गायीलाच. आता आमच्या समाजमंदिरात आरोग्याचं शिबिर भरते. तिथली पोरगी परवा मला म्हणाली, आजोबा, भात कमी करा. मी म्हटलं, पोरी, खिडकीतून बाहेर पाय, कोठवर धानच धान दिसते, आन मी अठी बसून भात कमी खाऊ काय. ती हसली. तिनं तिच्या कागदावर काय लिहिलं ते मला माहीत नाही.

आमच्याकडे दिवाळी खरी संपते ती मंडईनं. भाऊबीज झाली की गावोगाव मंडई भरते. लेकी, जावई, मामा, मावश्या, सगळे पाहुणे त्या दिवशी येतात. भजे तळले जातात, जिलेबी तळली जाते, बोडीतले उकडलेले सिंगाडे विकायला येतात. रात्री नाटक असते, पण आमचा जीव दिवसाच्या दंडारीत. ढोलकी, टाळ, टिपऱ्या घेतलेल्या पुरुषांचा गोल, आणि गोलाच्या मधात लुगडं नेसून पायात चाळ बांधलेला नाच्या. बाईचं सोंग पोरगाच घ्यायचा. बाई गोलात जात नसे. तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एका पोरीला वाटत होतं, पण ती पुढं येते.

शाळा मी चौथीत सोडली. मला शिकवलं ते बोडीच्या पाळीवर बिसन वस्तादानं. बिसन गावाचा न्हावी. सकाळी दाढ्या करायचा आणि सांजेला ढोलकी घेऊन पाळीवर तालीम घ्यायचा. त्याच्यासारखी ढोलकी नंतर मी ऐकली नाही. पहिल्या दिवशी मी कंबर हलवत आलो तर त्यानं ढोलकी थांबवली आणि म्हणाला, "हे काय करून राहिला बे? म्हैस अंग घासून राहिली का? बाई पान्याची घागर घेऊन येते तवा तिची नजर कोठी असते? चुलीवर ऊतू चाललेल्या डाळीवर. तसा चाल." त्या दिवसापासून मी मायकडे पाहायला लागलो. ती कशी वाकते, कशी पदर खोचते, रागावली की आधी भांडं जोरात ठेवते आणि मग बोलते. माय म्हणायची, "काऊन पाहून राहिला गा असा?" मी म्हणायचो, काही नाही. मागच्या सालच्या पोळ्यापासून केस वाढवले. मानेपर्यंत आले, मग खांद्याला टेकले. टोप लावून राणी होणारे पुष्कळ होते. मला स्वतःच्या केसांची वेणी घालायची होती.

हे सगळं बापाच्या चोरून. कारण आमच्या घरात दंडारीचं नाव काढायची सोय नव्हती. मोठेबाबा त्यांच्या तरुणपणी पंचक्रोशीतले एक नंबर नाच्या होते. एका मंडईला दुसऱ्या गावची पार्टी आली, त्यांनी मोठेबाबांना पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठेबाबा त्यांच्याबरोबर निघून गेले. धान बांधीत, म्हणजे शेताच्या तुकड्यात, उभा होता, कापायचा. घरात म्हातारी आई आणि माझा बाप, ज्याला अजून मिशीही फुटली नव्हती. त्या साली बानं एकट्यानं धान कापला. मोठेबाबा पुढे आमच्याकडच्या प्रतापगड डोंगराच्या पायथ्याला एका गावी घरजावई होऊन राहिले. बानं त्यांचं तोंड पाहिलं नाही. मी मोठेबाबांना कधी पाहिलंच नव्हतं. पण त्यांचं गाणं मला येत होतं. बिसननं शिकवलं होतं. राजा घर सोडून निघतो आणि राणी त्याला अडवते, त्या जागेचं गाणं:

नको जाऊ रे राजसा, धान पिकला भरून,
कोन पाहीन बांधीले, तू जो गेला दुरून.

दोन ओळी, पण त्या ओढून गायला बिसन मला महिनाभर घासत होता. गावात दुसऱ्या कोणाला त्या येत नव्हत्या.

मंडई तोंडावर आली होती तेव्हा मन्साराम आला. हा बांबूची सुपं-टोपल्या विणणारा माणूस, मोठेबाबांच्या त्या प्रतापगडाकडचा, पाठीवर कामट्यांची मोळी घेऊन गावोगाव हिंडायचा. खळ्यावर बा बैल फिरवत होता. मन्सारामनं मोळी खाली ठेवली, डोक्याचा फडका काढला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचे मोठे भाऊ काल गेले."

आता इथं मला एक गोष्ट आधीच सांगून टाकली पाहिजे, कारण कोडी घालून वाचणाऱ्याला खेळवत ठेवायची मला आवड नाही. आमच्याकडे कोणाच्या डोक्याला कावळा शिवला, म्हणजे उडता उडता पंजा किंवा चोच मारून गेला, तर ते मरणाचं लक्षण धरतात. त्यावर उपाय असा, की लांबच्या नातेवाइकांना तो माणूस मेला अशी खोटी खबर पाठवायची. ते रडले की मरण टळलं. मग निरोप्यानं हसून सांगायचं, जिता आहे, कावळा शिवला होता. मोठेबाबांना कावळा शिवला होता. मोठ्या मायनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मन्सारामला बजावून धाडलं होतं, की सख्ख्या भावाच्या डोळ्यातून पाणी पडल्याशिवाय खरं सांगशील तर तिकडं ते खरंच जातील, आणि ते तुझ्या माथी.

बानं बैल थांबवले नाहीत. एक चक्कर पूर्ण केली. मग म्हणाला, "या घरात त्याच्यासाठी कोनी रडाचं नाई. तो घरून गेला तवा मले सांगून गेला नवता. मी बी जात नाई." माय दारात तोंडावर पदर घेऊन उभी होती. तिनं आलेलं रडणं गिळलं, मला दिसलं ते. आणि बानं मला पाहिलं. माझ्या मानेवर रुळणाऱ्या केसांकडे पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं, माझीच समजूत होती की मी लपवून राहिलो. म्हणाला, "जा, बिसनले बोलाव. वस्तरा घेऊन ये म्हना."

बिसन आला. पाट मांडला, वाटीत पाणी घेतलं आणि आधी बाचं डोकं उतरवलं. मग बानं माझ्याकडे बोट केलं. बिसनचा हात थांबला.

"भाऊ, केस तं दहाव्याले उतरवतेत."

"दहावा मंडईच्या मांगून येते," बा म्हणाला. "आज उतरव."

बिसन माझ्याकडे पाहीना. वस्तरा दगडावर घासत राहिला, घासत राहिला. शेवटी बाच म्हणाला, "दगड कापतं का आता?" मग मी पाटावर जाऊन बसलो. माझे केस मातीत पडले आणि मायनं ते झाडून गायीच्या गव्हाणीमागं टाकले. बापानं एका वस्तऱ्यात दोन कामं केली, भावाचं सुतक पाळलं आणि पोराची दंडार संपवली. मन्साराम भिंतीला टेकून हे सगळं पाहत होता. त्याचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. नंतर खूप वर्षांनी मी त्याला विचारलं, तुझ्या तोंडाले कुलूप होतं का गा तवा? म्हणाला, "लेकरा, केस मंग उगवतेत. मानूस उगवते का?"

आता मन्साराम जाईना. रडल्याशिवाय त्याला जाता येत नव्हतं आणि आमच्या घरात कोणी रडत नव्हतं. तो आमच्या पडवीत बसून राहिला. घरातली फाटकी सुपं काढली, ती विणून दिली. मग टोपल्या विणल्या. मग कोणी न सांगता धान भरायची एक मोठी ढोली विणायला घेतली. सुतकाचं घर, चुलीवर फोडणी नाही, दिवाळीचे अनारसे डब्यात बंद. बिनफोडणीची डाळ आणि भात तो आमच्या पंगतीला बसून खायचा आणि हळूच काडी टाकायचा.

"तुमचे भाऊ मोठे दिलदार होते, भाऊ."

"मीठ घे," बा म्हणायचा.

"शेवटी तुमचीच आठवन काढली म्हंतेत. लहान्याले पाहाचं होतं म्हने."

"डाळ घेतं का?"

"मरताना डोरे दाराकडं होते, भाऊ."

"मंग दार लावाचं होतं," बा म्हणाला आणि हात धुवायला उठला. मन्साराम खाली मान घालून घास चिवडत राहिला. माय रात्री मला हळूच म्हणाली, "हा मानूस काऊन जाऊन नाई राहिला गा? आपल्या घरात सुपं ठेवाले जागा नाई उरली."

मला मन्सारामशी काही देणंघेणं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच, की मंडईला मी गोलात जाणार. डोकं गेलं तर गेलं. मी बिसनकडे गेलो. तो म्हणाला, "सुतकी मानूस गोलात नाई येत बे. आन बोडक्या डोक्याची रानी कोठी असते?" मी म्हटलं, मंग गानं कोन म्हनते ते सांगा. तो ढोलकीची दोरी ओढत बसला. त्यानं नाही पण म्हटलं नाही.

लुगडं पाहिजे होतं. नाच्याला लुगडं गावातली एखादी बाई द्यायची, तो मान असायचा. पण सुतकी पोराच्या अंगाला आपलं लुगडं कोण लावू देणार. मायनं तिची पेटी लावून किल्ली कमरेला खोचली होती. मी चार दारांत उभा राहिलो आणि चारी दारांत मला लांबूनच हात जोडले. पाचव्या दारी अंगणात एक पोरगी तणसाची पेंढी बांधत बसली होती. मंडईसाठी मामाच्या घरी पाहुणी आलेली. मी तिच्या मामीला विचारत होतो आणि मामी नको नको करत होती. ती पोरगी उठली, आत गेली आणि हिरवं लुगडं घेऊन आली. कोरं होतं. तिच्याच अंगाला अजून लागलं नव्हतं, मंडईसाठी घेतलेलं.

मामी म्हणाली, "सगुने, तो सुतकी हाये वो."

"लुगडं कोन मेलं म्हनून इचारत नाई," सगुना म्हणाली. आणि मला, "घे. मातीत लोरवजो नको. आन टोप घालशीन तं देत नाई."

"टोपाशिवाय लोक हासतीन."

"हासू दे ना. माहे केस एवढे लांब हायेत, मले कोनी गोलात येऊ देते का? तुहे नाईत तं तू लाजून राहिला."

हे बोलणं झालं आणि ती पुन्हा पेंढी बांधायला बसली. मी आयुष्यात पुष्कळ बोलणी खाल्ली, पण इतकी कामाची कोणाची नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी ढोलकी वाजली. बा खळ्यावर होता, आम्ही सुतकी म्हणून कोणी मंडईला जायचं नव्हतं. मी बोडीच्या मागून गेलो. एका सिंदीच्या झाडाआड सगुनाचं लुगडं नेसलो, चाळ बांधले, कपाळाला टिकली लावली. डोक्यावरून पदर घेतला आणि टिपऱ्यांच्या मधून गोलात शिरलो. बिसननं मला पाहिलं. त्याचा हात ढोलकीवर होता तो तसाच चालू राहिला, उलट जास्त जोरात. पहिल्या फेरीला लोकांना कळलं नाही. दुसऱ्या फेरीला वाऱ्यानं पदर सरकला आणि सगळी मंडई हसली. पाहुणे हसले, गावचे हसले, जिलेबीवाला झारा हातात घेऊन हसला. कोणी ओरडलं, "अरे बापा, राजाच्या आंधीच रानी बोडकी झाली." पदर पुन्हा घ्यायला माझा हात वर गेला होता. मग मला समोर सगुना दिसली, मामीच्या मागं उभी, हात कमरेवर. मी पदर खांद्यावर टाकला आणि कमरेला खोचला, माय खोचते तसा. आणि गाणं धरलं.

नको जाऊ रे राजसा, धान पिकला भरून.

हसणं एकदम नाही थांबलं. आधी म्हाताऱ्या थांबल्या. त्यांना ते गाणं ओळखीचं होतं, त्यांनी ते मोठेबाबांच्या तोंडून ऐकलेलं. मग बाकीचे. डोक्यावर केस नाहीत, कपाळाला टिकली, आणि नवऱ्याला जाऊ नको म्हणणारी बाई, त्यात आता कोणाला हसण्यासारखं काही दिसेना. तेवढ्यात गर्दी फाटली. बा बैल हाकायची काठी घेऊन आत आला होता. कोणीतरी खळ्यावर जाऊन लावून दिलं होतं. तो सरळ माझ्या अंगावर आला. मी गाणं थांबवलं नाही. भीती नव्हती असं नाही, पण दुसरी ओळ तोंडात आली होती आणि ती सोडायची नाही हे बिसननं महिनाभर घासून घेतलं होतं. मी बापाच्या डोळ्यांत पाहून म्हटली, कोन पाहीन बांधीले, तू जो गेला दुरून.

बाची काठी वर गेली ती तिथंच राहिली. मग खाली आली, जमिनीला टेकली, आणि बा तिला धरून हळूहळू खाली बसला, गोलाच्या मधात, मातीत. त्याचं भादरलेलं डोकं हलत होतं. आधी मला वाटलं चक्कर आली. मग त्याच्या तोंडून आवाज निघाला, आणि तो माझा बाप रडून राहिला होता, त्या साली एकट्यानं कापलेल्या धानाचं सगळं रडणं एकदम निघाल्यासारखा.

गर्दीतून मन्साराम धावत आला. हातात अर्धी विणलेली टोपली तशीच. "रडले," तो म्हणत होता, "पाहा गा, सगळ्यांनी पाहा, भाऊ रडले." आणि बाच्या समोर बसून त्याचे गुडघे धरून म्हणाला, "भाऊ, जिते हायेत तुमचे भाऊ. कावरा शिवला होता डोक्याले. मले मोकरा करा आता, मी घरी जातो."

ढोलकी थांबली. बानं फडक्यानं तोंड पुसलं. मन्सारामकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं. आणि म्हणाला, "मंग माह्या पोट्ट्याचे केस कायले गेले बे?"

काठी उचलून तो मन्सारामच्या मागं लागला. मन्साराम जिलेबीच्या कढईला वळसा घालून पळाला आणि सगळी मंडई त्या दोघांच्या मागं हसत सुटली. बिसननं ढोलकीवर थाप मारली आणि माझ्याकडे मान हलवली, म्हणजे पुढं. मी पुढं नाचलो. बा परत आला तेव्हा दमलेला होता, आणि गोलाच्या कडेला बसून त्यानं शेवटपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या मोटारीनं प्रतापगडाकडे गेला, भावाला पाहायला, सोबत डब्यातले अनारसे घेऊन. माझ्या नाचण्याबद्दल तो मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. पण पुढच्या साली केस वाढले तेव्हा कापही म्हणाला नाही.

लुगडं मी मातीत लोळवलं होतं. परत द्यायला गेलो तर सगुना म्हणाली, "म्हटलं होतं ना तुले?" पुढे ती आमच्याच गावात, आमच्या घरात, माझी बायको होऊन आली आणि ते हिरवं लुगडं तिनं विटेपर्यंत नेसलं. विटलं तरी टाकलं नाही.

तिला गोलात जायचं होतं, हे ती कधी विसरली नाही. आमची पोरं मोठी झाली, तिचे गुडघे गेले, तेव्हा तिनं समाजमंदिरात गावातल्या पोरी गोळा केल्या. मला म्हणाली, मी नाचू नाई शकत आता, तुम्ही शिकवा, मी पाहीन कोन चुकते ते. सकाळी तिथं योगा चालते, दुपारी पोट्टे पुस्तकं वाचत बसतात, सांजेला पोरींची दंडार. समितीतले काही लोक म्हणाले, पोरी गोलात बऱ्या नाही दिसत. सगुना त्यांना म्हणाली, दिसत नसतीन तं घरी बसा, आमाले कोनाले दाखवाचं नाई. ती अशीच बोलायची, आणि मी तिच्यापाशीच बोलायला शिकलो. यंदाच्या मंडईला पोरी पहिल्यांदा गोलात उतरणार होत्या. उन्हाळ्यात ती गेली.

तिच्या दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा लगेच शिवला. ठेवला नाही तोच शिवला. लोक म्हणाले, भाग्याची बाई, काही इच्छा मागं राहिली नव्हती. मी म्हटलं, खोटं हाये. पोरगा म्हणाला, बाबा, कावळा शिवला ना. मी म्हटलं, शिवू दे. कावळा आमच्या घराशी एकदा खोटं बोललेला आहे, त्याची साक्ष मी धरत नाही. तिची इच्छा काय होती ते मला विचारा, त्याला काय विचारता.

मी तेव्हा रडलो नव्हतो. लोकांना त्याची फार काळजी. समाजमंदिरातली योगावाली बाई गोंदियाहून येते, चांगली आहे, मला सतरंजीवर बसवून म्हणाली, "दादाजी, आँखें बंद कीजिए, साँस छोड़िए, अंदर जो है उसे निकल जाने दीजिए." मी म्हटलं, बाई, अंदर जे हाये ते माह्यं हाये, ते मी काऊन निकलू देऊ. आणि सतरंजीवरून उठलो. खरं कारण मी तिला सांगितलं नाही, इथं सांगतो. मला मन्साराम आठवायचा. वाटायचं, कोणीतरी आमच्या पडवीत बसून आहे, सुपं विणून राहिला आहे, मी रडायची वाट पाहून राहिला आहे. मी रडलो की तो उठेल आणि हसून सांगेल, जिती आहे. एवढी एक गोष्ट मी शेवटाला राखून ठेवली होती, आणि ती वापरायची मला भीती वाटत होती.

श्रावणात एका दुपारी तिची पेटी उघडली. वर बिरसीच्या शाळेचं विमान घिरट्या घालत होतं, पोरं उडवायला शिकतात ते, त्याचा भुणभुण आवाज. पेटीत तळाशी ते हिरवं लुगडं होतं. मी रडलो. बा रडला तसा, मातीत बसून, आवाज काढून. संपलं तेव्हा मान वर करून दाराकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. कोणी आलं नाही. विमान निघून गेलं.

मग मी तोंड धुतलं आणि सांजेला पोरींच्या तालमीला गेलो.

परवा समितीचा अध्यक्ष घरी आला. माझ्या पोराच्या वयाचा आहे, नम्रपणे बोलला. म्हणाला, काका, वर्ष झालं नाही, तुमच्या घरचं सुतक, यंदा पोरींची दंडार राहू द्या, पुढच्या साली पाहू. मी म्हटलं, बापू, पुढच्या साली मी राहीन का ते तू मले लिहून देतं? आन सुतक मले हाये, ढोलकीले नाई. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक हासतीन. मी आंधी हासवून पाहिलं आहे लोकाले, मंग ते थांबतेत. त्यानं चहा घेतला आणि गेला. पोरगाही मला गप्प करायला पाहून राहिला आहे. सून मात्र पोरींसाठी चाळ शोधून राहिली आहे.

मंडई आली. पोरींना नाच येतो, टिपऱ्या येतात, पण ती दोन ओळींची ओढ अजून त्यांच्या गळ्यात बसत नाही. तेवढी जागा यंदा मी गाणार. बिसनच्या नातवाला बोलावलं आहे, उन्हाळ्यानंतर वाढलेले हे चार पांढरे केस तो उतरवून देईल. टोप घालणार नाही. तिचं हिरवं लुगडं नेसणार आणि पोरींच्या मधात उभा राहणार. ज्याला काठी घेऊन यायचं त्यानं यावं, मी गाणं थांबवत नाही. गाताना गर्दीत पाहीन, कमरेवर हात ठेवून कोणी उभं दिसते का. दिसणार नाही, मला माहीत आहे. दुसरी ओळ तरी पूर्ण म्हणेन.